पाटीची मागची बाजू

मॉर्विथ बसमधून उतरली, आणि घरी पोचायच्या आधीच गावाने तिला मान वर करायला लावली.

"पिशवी ठेव खाली, आणि वर बघ आधी!" पाववाली बेती पिठाचे हात तसेच घेऊन दुकानाबाहेर आली. "चॅपेलकडे बघ. ओळखू येतंय का काही?"

चॅपेलचं दगडी पाट्यांचं छप्पर नवं झालं होतं. दुपारच्या उन्हात निळं-जांभळं चमकत होतं, कबुतराच्या मानेसारखं.

"तुझ्या गुटोच्या पाट्या!" बेती म्हणाली. "तू पाच आठवडे बहिणीकडे खोकत पडलीस, आणि इकडे वादळाने निम्मं छप्पर उचलून मेंढरांच्या कुरणात नेऊन टाकलं. उपदेशांचा मेळा तोंडावर. एवढ्या पाट्या आणायच्या कुठून? तर तुझा दीर गेराइंट म्हणाला, आमच्या दादाने चॅपेलला शब्द देऊन ठेवलाय. आमच्या ह्यांनी आठ खेपा केल्या गं. अजून कंबर धरून बसतात."

"सगळ्या नेल्या?" मॉर्विथने विचारलं.

"एकूण एक! एक जरी मागे ठेवली असती तर गुटोने वरून शिव्या घातल्या असत्या."

मॉर्विथ हसली. हसायलाच हवं होतं. मग पिशवी उचलून ती चढणीला लागली, आणि पाववाल्या बेतीने नंतर सगळ्यांना सांगितलं की बिचारीला नवऱ्याच्या आठवणीने भरून आलं, बोलवेना.

घराला कुलूप नव्हतं. त्या गावात कुणाच्याच घराला नसे. टेबलावर फडक्यात गुंडाळलेला मनुकांचा पाव होता, आणि गेराइंटच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी: ‘वहिनी, दादाचा शब्द तुम्ही पाळलात. देव तुमचं भलं करो.’ मॉर्विथ तशीच परसात गेली. पडवीखाली, जिथे तीनशे पाट्या कडेवर उभ्या लावलेल्या असत, तिथे आता ओलसर काळी माती होती आणि तिच्यावर सैरावैरा धावणारे चार किडे. चांगल्या माणसांनी काम केलं होतं. जाताना जागा झाडूनसुद्धा गेले होते.

ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

गुटो खाणीत दगड चिरणारा. छिन्नीच्या एका ठोक्यात दगडाचा पापुद्रा सुटावा तशी पाटी सोडवायचा. या पाट्यांच्या आकारांना धन्यांनी सरदारणींची नावं देऊन ठेवलेली, मोठी ती डचेस, धाकटी ती काउंटेस; आणि गुटो घरी आला की म्हणायचा, "दिवसभर डचेसांची मनं राखून आलो, आता तू तरी भांडू नकोस बाई." वर्षानुवर्षं पगारातून चार-चार पाट्या विकत घेऊन त्याने ही चळत लावली होती. चॅपेलचं छप्पर कधी गेलं तर आपल्या हातची पाटी देवाच्या डोक्यावर बसावी, एवढीच त्याची हौस. तो स्वतः जाऊन चार वर्षं झाली होती.

आणि नेस्टाला जाऊन अठरा.

नेस्टा त्यांची एकुलती एक. सहा वर्षांची होती. जुन्या खाणीच्या काठाला रानफळं वेचायला गेली आणि खाली साठलेल्या काळ्या पाण्यात गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. पेटीवर झाकण बसवूनच तिला घरी आणलं. बायकांनी मॉर्विथला धरून ठेवलं होतं. "बघू नकोस गं. होती तशीच डोळ्यांपुढे ठेव." आणि तिने ऐकलं. शाळेत फोटो काढणारा आला त्या दिवशी नेस्टा गोवर येऊन घरी होती. म्हणून फोटो नाही. मग गावाने दयेपोटी ठरवूनच टाकलं की मॉर्विथसमोर त्या पोरीचं नाव काढायचं नाही. कुणाच्या जखमेला बोट लावू नये, हीच त्यांची रीत. नाव निघेना, बोलणं निघेना, आणि वर्ष सरता सरता एका सकाळी चुलीपाशी उभ्या मॉर्विथच्या ध्यानात आलं की नेस्टाचा झगा आठवतो, बुटांची नाडी आठवते, पण चेहरा आठवत नाही.

त्याच सुमारास स्वप्नं सुरू झाली. शिड्या, ज्यांना शेवट नव्हता. साखळ्यांचे वेढे. पाण्यातून वर येणारी, हात लांब झालेली, तोंड नसलेली माणसं. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, पाठमोरी, एक लहान पोर. मॉर्विथ ओरडत उठे. एका सकाळी तिला बोलताच येईना, तेव्हा गुटोने परसातली एक पाटी आणून तिच्या मांडीवर ठेवली, वर एक टोकदार आरी ठेवली. "बोलवत नाही, तर खरड. मागच्या बाजूला खरड. पुढची देवाची."

चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. पण पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट उमगली. पाटी आधीच काळी होती. काळोख काढावा लागत नव्हता. तो दगडात लाखो वर्षं बसलेलाच होता. तिने फक्त उजेड ओरखडायचा. शिडीच्या कडेवरचा, पाण्यावरचा, त्या तोंड नसलेल्या माणसांच्या खांद्यांवरचा. जे बघून ती किंचाळत उठली होती ते दुपारी मांडीवर घेतलं की इतकं देखणं दिसे की तिचा हात थांबायचा. बाकीचं जग देवाकडे मागतं, वाईट स्वप्नं नकोत. ती मागायची, येऊ दे. कारण नेस्टा तिथेच राहत होती. स्वप्न जितकं भयंकर, तितकी पोर जवळ. कधी शंभर पावलांवर, कधी दहा. पण पाठमोरी.

गेल्या वर्षीच्या मेळ्यात एक उपदेशक आले होते. त्यांचं बोलणं चढत चढत कधी गाणं झालं ते कुणाला कळलं नाही. असा सूर लागला की खाणीतली राकट माणसं टोप्या तोंडावर धरून रडली. ते खोल पाण्याबद्दल गात होते. तळाशीसुद्धा हात पोचणारा एक आहे, असं गात होते. मॉर्विथ तो सूर उशाशी घेऊन झोपली. आणि स्वप्नात काळ्या पाण्याच्या काठावर उभी असलेली पोर वळली. वळून तिच्याकडे बघितलं.

तो चेहरा तिने उजाडताच पाटीवर काढला. त्यानंतर स्वप्न आलं नाही, एकदाही नाही. मॉर्विथला त्याचं काही वाटलं नाही. हवं ते मिळालं होतं. पाटी इतर पाट्यांमध्ये परत ठेवून ती रोज एकदा काढून बघायची. बहिणीकडे जाताना बरोबर न्यावी असं मनात आलं होतं, पण तापात एवढा दगड कोण उचलणार?

साठ पाट्यांवर चित्रं होती. एकोणसाठ देवाने ठेवून घ्याव्यात. ती एक तिला परत हवी होती.

*

छपराचं काम करणारा विल दुपारी चॅपेलच्या माळ्यावर चुना लावत होता. पाट्यांच्या फटींतून वारा शिरू नये म्हणून आतून चुन्यात गाईचे केस कालवून लिंपतात, ते काम. मॉर्विथ शिडी चढून माळ्यावर आली तेव्हा त्याच्या हातातली थापी खाली पडली.

"काकू! छातीचं दुखणं काढून आलात ना? उतरा खाली, मी येतो."

"तू पाहिलंस," मॉर्विथ म्हणाली.

विलने थापी उचलली. चाळिशीचा बाप्या, पण कान लाल झाले.

"पाहिलं. मागची बाजू म्हणून खाली घातली, दुसरं काय करणार? कुणाला बोललो नाही. मला वाटलं गुटोकाकांनीच... खाणीतल्या माणसाला काय काय दिसतं ते आपल्याला माहीत आहे. पण ते तुम्ही काढलंय होय?"

"तुला भीती वाटली?"

"वाटली," विल म्हणाला. मग चुन्याच्या बादलीत बघत: "आणि जेवायची सुट्टी झाली तरी बघत बसलो होतो."

त्याने कंदील उचलून दक्षिणेकडे धरला. त्या बाजूला चुना अजून लागला नव्हता. छपरावर एक पाटी दुसरीवर चढवून लावतात, त्यामुळे आतून प्रत्येकीचा फक्त वरचा पट्टा दिसतो. इतक्या वर्षांची तिची स्वप्नं पट्ट्यापट्ट्यांनी तिथे एकाखाली एक लागली होती. विलने काही ठरवून लावली नव्हती, हाताला येतील तशी लावली होती. तरी एका पाटीतली शिडी दुसरीतल्या पाण्यात उतरत होती, साखळी तीन पाट्या ओलांडून जात होती, आणि तोंड नसलेल्या माणसांची डोकी कंदिलाच्या हालचालीबरोबर जिवंत होऊन ओळीने वर चालली होती. मॉर्विथने ती कधीच एकत्र पाहिली नव्हती. तिच्या छातीत जे हललं ते भय नव्हतं. भरल्या चॅपेलमध्ये बायका-पुरुषांच्या उंच-खालच्या चारी आवाजांत भजन उठतं तेव्हा हलतं, ते होतं.

"एका पाटीवर चेहरा होता," ती म्हणाली. "लहान मुलीचा. ती दिसत नाही इथे."

विलने कंदील उत्तरेकडे वळवला नाही. नुसतं तिकडे बघितलं.

"होती. ती तिकडे गेली. काल चुना झाला काकू, तिकडचा सगळा. आता आतून काहीच कळायचं नाही. बाहेरून तर सगळ्या सारख्या. ती शोधायची म्हणजे ती बाजू उकलावी लागेल. आणि ते मी माझ्या मनाने नाही करू शकत. गेराइंटना विचारा."

*

गुरुवारी संध्याकाळी चॅपेलमध्ये अनुभवसभा असे. चॅपेलचा कारभारी गेराइंट, म्हणजे मॉर्विथचा धाकटा दीर, बाकांमधून सावकाश फिरे, एकेकापाशी थांबून विचारे, "या आठवड्यात देवाने कसं ठेवलं?" आणि लोक पाठ असलेलं एखादं वचन म्हणून सुटका करून घेत.

"वहिनी," तो तिच्यापाशी थांबला. आवाज मऊ झाला. "तुम्ही परत आलात. तुमच्याच घरच्या छपराखाली बसलोय आम्ही. कसं ठेवलं देवाने?"

मॉर्विथ उभी राहिली. तिने वचन म्हटलं नाही. उत्तरेकडची बाजू उकलायची आहे, असं तिने सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. ओरखडलेल्या साठ पाट्या, शिड्या, साखळ्या, सगळं.

बाकांमधून कुजबुज उठली. गेराइंटचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला.

"म्हणजे आपण प्रार्थना करतो, आणि डोक्यावर भुतं?" तो म्हणाला. "दादाने देवाला दिलेल्या दगडावर? वहिनी, हे काय करून बसलात तुम्ही! मेळा आठ दिवसांवर. चारशे माणूस येणार. आणि छप्पर उकला म्हणता? एका पाटीसाठी? काय आहे एवढं त्या पाटीवर?"

"नेस्टा," मॉर्विथ म्हणाली.

अठरा वर्षांत ते नाव त्या चॅपेलमध्ये कुणी उच्चारलं नव्हतं. कुजबुज अशी थांबली की बाहेरच्या ओढ्याचा आवाज आत आला.

"तिचा चेहरा आहे, भावजी. माझ्याकडे दुसरा नाही."

गेराइंटने तिच्या बाकाचा कठडा धरला. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातून पोरीला वर घेणारे हात त्याचेच होते. ते सगळ्यांना माहीत होतं आणि तेही कुणी बोलत नसे.

"शनिवारी," तो शेवटी म्हणाला. "विल, शनिवारी सकाळी. मी असेन."

*

शनिवारी निम्मं गाव होतं. विल आणि आणखी दोघं छपरावर. लांब चपट्या हत्याराने पाटीखालचा खिळा तोडायचा आणि पाटी अलगद सरकवून खाली द्यायची. गेराइंट शिडीवर मध्ये उभा राहून एकेक पाटी झेलत होता. खाली गवतावर बायका बादल्या घेऊन चुना धूत होत्या. पाटी धुतली की खालून चित्र वर यायचं.

"अगं बाई, हा साप की काय?" बेती पाटी लांब धरून म्हणाली.

"साप कुठला!" एक म्हातारा खाणकामगार काठी टेकत जवळ आला. "पाळण्याची साखळी आहे ती. आम्हाला खाणीत खाली सोडायचे ना, ती. मला पण रात्री अशीच दिसते, जिवंत." त्याने पाटीवर बोट ठेवलं. "मला वाटायचं, मी एकटाच."

"तुम्ही रात्री काय काय बघता ते तुमच्या घरी काकींना सांगू का?" वरून विल ओरडला आणि माणसं हसली. मग ज्याची त्याची नजर पुन्हा पाट्यांकडे वळू लागली. कुणी नाक मुरडलं, कुणी क्षमा माग म्हणालं. पण पाटी हातातून खाली ठेवायला सगळ्यांनाच उशीर होत होता. मॉर्विथला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती प्रत्येक पाटी खाली येताना बघत होती.

अकराच्या सुमाराला गेराइंटने एक पाटी झेलली आणि तो शिडीवरून स्वतः खाली उतरला.

वरच्या पट्ट्यावर चुना होता. खालचा भाग दोन पाट्यांमध्ये दबून स्वच्छ राहिला होता. मॉर्विथने ती कुणाला धुऊ दिली नाही. एप्रनच्या टोकाने पुसली, चॅपेलच्या भिंतीला टेकवून उभी केली, आणि बाजूला झाली.

"ही माझी नेस्टा," ती म्हणाली.

कुणी बोललं नाही. तिला वाटलं, सगळ्यांना भरून आलंय. मग तिने वळून बघितलं. बेती आपल्या बुटांकडे बघत होती. म्हातारा खाणकामगार टोपी हातात फिरवत होता. गेराइंट सगळ्यात जास्त वेळ पाटीकडे बघत राहिला, आणि मग त्याने डोंगराकडे तोंड केलं.

"पॅरीबाई," मॉर्विथ म्हणाली. "तुमच्या वर्गात होती ती. सांगा ना."

शाळेच्या पॅरीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हो," त्या म्हणाल्या. "हो गं. तीच."

पण तो ‘हो’ यायला उशीर झाला होता. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवून बाईंना खोटं बोलायची सवयच उरली नव्हती.

"बाई, खरं सांगा."

"काय करायचंय आता..."

"नाक तरी? नाक तिचंच ना?"

"नाक गुटोचं होतं तिला," पॅरीबाई हळू म्हणाल्या. "बसकं. आणि कपाळ रुंद, चेहरा गोल. ही मुलगी लांबट चेहऱ्याची आहे. फार सुंदर काढलीस गं. कोण आहे ती मला माहीत नाही. पण ही नेस्टा नाही."

मॉर्विथ एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली. बेतीला राहवेना.

"आणि पुढचा दात पडला होता ना तिचा? डावा."

"उजवा," गेराइंट डोंगराकडे बघतच म्हणाला.

"डावा रे. पावाचा कडक तुकडा दिला तर म्हणाली, मला मधला मऊ दे."

"उजवा होता. माझ्याकडे मूठ मिटून आली होती तो दाखवायला. पुतणी माझी की तुझी?"

"तुझी म्हणून काय दात बदलेल?"

आणि एकदम दोघांना भान आलं. "चुकलो वहिनी," गेराइंट म्हणाला. "माफ करा. नको तो विषय..."

"थांबू नका," मॉर्विथ म्हणाली. "अठरा वर्षं थांबलात तेवढं पुरे. सांगा. भांडा हवं तर. पण सांगा."

मग त्यांनी सांगितलं. आधी चाचरत, मग एकाच्या वर एक. ती डावखुरी होती आणि खडू मोडायची. मेंढरांना माणसांची नावं ठेवायची, आणि गेराइंटचं नाव एका एडक्याला ठेवलं होतं. भुवई एकीकडे तुटलेली, पायरीवर पडून. उपदेश लांबला की गुटोच्या मांडीवर झोपायची, पण उपदेशकाने सूर धरला की टक्क जागी. एवढी माणसं, एवढं जपून ठेवलेलं, आणि सगळी दोन्ही हातांनी तिला देत होती. मॉर्विथ प्रत्येक शब्द घेऊन आत खोल जात होती. बसकं नाक. रुंद कपाळ. तुटकी भुवई. खरंच असणार सगळं. पण त्यांचा चेहरा होत नव्हता. नाक नाकच राहत होतं, कपाळ कपाळच. कुणाचंही असावं तसं. त्या कपाळामागून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"काकू," विल वरून म्हणाला. "ढग येतायत. बंद करायला हवं. ती पाटी... ती पण वर देताय का?"

मॉर्विथने भिंतीला टेकलेल्या त्या अनोळखी पोरीकडे पाहिलं. काळ्या पाण्याच्या काठावर, मान वळवून, ती अजून तिच्याकडेच बघत होती.

"नको. हिला घरी नेते," ती म्हणाली. "कुणाची पोर आहे कोण जाणे. पण मी हाक मारली तेव्हा वळली ती हीच."

तिने शाल काढून पाटीभोवती गुंडाळली. पॅरीबाई मदतीला वाकल्या. गाठ मारता मारता मॉर्विथ थांबली.

"भावजी, ती हसायची कशी?"

गेराइंटने बेतीकडे बघितलं, बेतीने मान हलवली. हसणं कसं होतं ते कुणाला सांगता येईना. मग चौसष्ट वर्षांच्या, मेळ्यात चारशे माणसांपुढे उभ्या राहणाऱ्या त्या कारभाऱ्याने टोपी काढली, मान एका बाजूला कलती केली, ओठांवर मूठ धरली, आणि सगळ्या गावासमोर लहान पोरीसारखा एक आवाज काढून बघितला.

तो तसा नव्हता. सगळ्यांनाच कळलं की तसा नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पुन्हा," मॉर्विथ म्हणाली.